गाद्याचा वाटा

आमच्या साडूंनी मला जेवढा ताप दिला तेवढा आजवर कुणीही दिलेला नाही, आणि हे मी जळगावच्या ज्या जिनिंग फॅक्टरीत सत्तावीस वर्षं सुपरवायझरी केली तिच्या मालकांना धरून सांगतो आहे. मालक निदान हंगामापुरते छळायचे. कापूस संपला की ते देवदर्शनाला जायचे आणि आम्ही सुटायचो. साडूंना हंगाम नव्हता. ते धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, आणि ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी येई त्या गावात बसून समुद्रातल्या गाद्याचा अभ्यास करत. गादा म्हणजे डॉल्फिन. कोकणातले मासेमार त्याला गादा म्हणतात म्हणून साडूही गादाच म्हणत, आणि पुढे पुढे आम्ही घरातली सगळी माणसं, कुणाचीही इच्छा नसताना, गादाच म्हणायला लागलो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तोंडावर मी त्यांना नाना म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते शिकत असताना कॉलेजच्या सहलीत. वर्ग किनाऱ्यावर शंखशिंपले वेचत होता आणि साडू एका मासेमाराजवळ उभे होते. तो फाटलेलं जाळं शिवत होता आणि गाद्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. गादा जाळ्यातले मासे चोरतो, जाळ्याची चाळण करतो, एखादा हाती लागला तर वल्ह्याने बडवून काढला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. साडूंनी त्याला विचारलं, "गाद्याला जाळं फाडताना तुम्ही स्वतः पाहिलं का?" त्यावर तो मासेमार काय बोलला ते साडूंनी मला कधी जसंच्या तसं सांगितलं नाही, पण पाहिलं नव्हतं एवढा त्याचा अर्थ होता म्हणे. झालं. न पाहता एका मुक्या जिवाला चोर ठरवलं, हे त्यांच्या मनाला जे लागलं ते लागलंच. गादा खरोखर चोर आहे का, याचा छडा लावायचा असं त्यांनी तिथे वाळूत उभं राहून ठरवलं. दुसऱ्या एखाद्या माणसाने अशा वेळी किनाऱ्यावर नोकरी शोधली असती. साडूंनी धुळ्यात शोधली, कारण सासरे धुळ्याचे.

आता धुळ्यात बसून गाद्याचा न्याय करायचा कसा? यात थोडा दोष आमच्या खानदेशाचाही आहे. त्या काळात किनाऱ्यावरची कामातून गेलेली नायलॉनची जाळी गठ्ठे बांधून ट्रकांनी आमच्याकडे यायची आणि आठवडी बाजारात विकली जायची. समुद्राला नको झालेलं जाळं शेतकऱ्याला पुढे दहा वर्षं पुरतं. कडब्याच्या गाडीवर टाकायला, मेथीच्या वाफ्याला, कोंबड्यांच्या खुराड्याला, पाखरं बसू नयेत म्हणून उभ्या ज्वारीवर, जिकडेतिकडे ही जाळी. आम्हा कुणाला त्यात कधी समुद्र दिसला नव्हता. साडूंना दिसला. "भाऊ," ते मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर कापत होता, "समुद्राची सगळी कागदपत्रं आपल्या दारात येऊन पडली आहेत, आणि आपण त्यांत कोंबड्या कोंडतो!" जाळ्याला पडलेलं प्रत्येक भोक कुणी ना कुणी पाडलेलं असतं, आणि भोक नीट वाचता आलं तर ते कुणी पाडलं हे कळतं, असा त्यांचा सिद्धांत. तेव्हापासून अकरा वर्षं हा माणूस खानदेशातली भोकं वाचत फिरला. मी कधी बरोबर असलो तर माझी मान खाली असे.

एकदा मी त्यांच्यासोबत साक्रीच्या बाजाराला गेलो. मला नागली हवी होती, आणि आठवडी बाजारात त्यांच्याबरोबर जाऊ नये हे मला तोवर कळलेलं नव्हतं. बाजाराच्या तोंडाशीच कडब्याने भरलेली एक बैलगाडी येत होती, वर जाळं आवळलेलं. साडूंनी हात करून गाडी थांबवली, खिशातून टेप काढला आणि चाकावर पाय देऊन वर चढले. गाडीवाला बिचारा आधी घाबरला. त्याला वाटलं जकातवाला आहे.

"काय दखी राह्यनात मास्तर? जाळं मन्हंच शे," तो म्हणाला.

"जाळं तुमचंच आहे हो," साडू वरून म्हणाले, "भोक कुणाचं आहे ते बघतो आहे."

"भोक? हाई भोक डुक्करनी पाडेल शे. अन् ती तठेनी दोन उंदीरनी. बठ्ठा भोकं मन्हा घरना शेतस!"

मागे आठ-दहा गाड्या अडल्या होत्या आणि बैलांपासून माणसांपर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते, कारण साडू कडब्याच्या वर दिसत नव्हते आणि खाली त्यांची पिशवी धरून मी उभा होतो. साडूंनी वहीत 'डुक्कर एक, उंदीर दोन' अशी नोंद केली, गाडीवाल्याचे आभार मानले आणि मला म्हणाले, "किती प्रामाणिक माणूस, नाही?" नागली संपली होती.

मुक्ताईनगरच्या लग्नातला प्रकार तर मी अजून माझ्या बायकोच्या माहेरी उकरून काढू देत नाही. आचाऱ्यांनी पुऱ्यांच्या पाट्यांवर कावळे येऊ नयेत म्हणून चार बांबूंवर जाळं ताणलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे अक्षता घेऊन मांडवात उभे राहिले, आणि साडू माझ्या शेजारून नाहीसे झाले. तिसऱ्या मंगलाष्टकाला मला ते दिसले. ते खुर्चीवर चढून जाळ्यात डोकं घालून उभे होते. आचारी खालून ओरडत होता, मुलाकडची मंडळी त्यांना मांडववाला समजून पंखा बंद असल्याची तक्रार करत होती, आणि साडू त्यांना "हो, हो, बघतो" म्हणत माप घेत होते. शेवटच्या 'सावधान'ला वाजंत्री सुरू झाली तशी खुर्ची डगमगली आणि साडू जाळ्यासकट पुऱ्यांवर आले. त्यांना लागलं नाही. उठल्या उठल्या त्यांनी मला जाळ्याचा एक कोपरा दाखवला. "भाऊ, सहा भोकं. ओळीने!" वधूपिता माझे मामेसासरे होते. ते पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, साडूंशी मात्र बोलत होते. त्यांचं म्हणणं, तो तर वेडाच आहे, तुम्ही तर शहाणे होतात.

घरी वेगळीच तऱ्हा. बाजारातली जाळी ते उचलून आणत आणि वर गच्चीत, खाली न्हाणीत, मधल्या खोलीत पंख्याच्या हुकाला टांगत. समुद्रात वर्षानुवर्षं भिजलेल्या जाळ्याचा वास काही धुळ्याच्या उन्हाने जात नाही. गल्लीतल्या यच्चयावत मांजरांनी त्यांच्या घरी मुक्काम ठोकला होता. पाहुणा आला की आधी मांजर उचलून मग खुर्ची द्यावी लागे. अक्का, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, फार सोशीक बाई. त्या एकदाच माझ्या बायकोजवळ बोलल्या होत्या, "दुसऱ्या बायकांना सवत असते तर ती निदान माणसाची तरी असते गं." पण साडूंच्या शर्टाच्या खिशात टेप राहिला तर धुण्याआधी काढून वाळलेल्या शर्टाच्या खिशात तो परत ठेवायच्याही त्याच.

मला या उद्योगात ओढलं ते माझ्या अक्षराने. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर घालून घालून माझं अक्षर चांगलं झालेलं, हे माझं दुर्दैव. दर दिवाळीला साडू सहकुटुंब जळगावला येत, आणि फराळाची ताटं उचलायच्या आत कागदांची भेंडोळी उलगडत. "भाऊ, एवढे तक्ते तुमच्या हाताने काढून द्या. माझं अक्षर परीक्षकांना वाचता येत नाही." कुठले परीक्षक, कसले परीक्षक, मी कधी विचारलं नाही. माझी अकरा दिवाळ्यांची सुटी भोकांचे तक्ते काढण्यात गेली. त्यामुळे नको असतानाही त्यांचा सिद्धांत मला पाठ झाला. काही भोकं खडकावर घासून पडलेली, काही इकडे आल्यावर उंदीर, डुक्कर, बैलाचं शिंग यांनी पाडलेली. ती सोडून द्यायची. उरलेलं भोक म्हणजे लिंबाएवढं, एका बाजूचे धागे ओढून तुटलेलं. जाळ्यात अडकलेला मासा तोंडात धरून गाद्याने हिसडा दिला की असंच भोक पडणार, असं साडूंचं म्हणणं. आणि गंमत अशी, की ही भोकं एकेकटी नसत. ओळीने चार, सहा, कधी आठ असत, आणि दोन भोकांमधलं अंतर सारखं असे. एका जाळ्यात दीड हात तर सगळीकडे दीड हातच. दुसऱ्यात दोन हात तर दोनच.

याचा अर्थ लागला त्या दिवशी साडू धुळ्याहून केवळ ते सांगायला फॅक्टरीत आले होते. भर हंगाम, दारात कापसाच्या गाड्यांची रांग, आणि हे माझ्या टेबलाशी उभे. "भाऊ, तो चोर नाही! चोर असता तर सापडेल तिथे तोंड घातलं असतं. हा एक मासा घेतो, अंतर सोडतो, मग पुढचा घेतो. मधले सगळे मासेमाराला ठेवतो. खळ्यावर बलुतेदार आपलं सूपभर धान्य नेतो, रास उधळत नाही, तसं! गादा लुटत नाही हो, आपला वाटा घेतो." मी म्हणालो, "नाना, बाहेर चौदा गाड्या उभ्या आहेत." ते म्हणाले, "मी स्वतःसुद्धा इतक्या शिस्तीत जेवत नाही." हे मात्र खरं होतं.

मग अकराव्या वर्षी ते घडलं, जे घडेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. दक्षिण कोकणातल्या एका बंदराच्या गावी मासेमारी आणि समुद्रातले प्राणी यांवर परिषद भरायची होती, आणि साडूंना निबंध वाचायचं बोलावणं आलं. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं बोलावणं. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती, कॉलेजात त्यांना मुलं मागून 'जाळीवाले सर' म्हणत, आणि आता खुद्द किनाऱ्यावरची माणसं, मासेमारांच्या सोसायट्यांचे लोकसुद्धा, त्यांचं ऐकणार होती. अक्कांनी त्यांना नवा सफारी शिवायला लावला. मी शेवटचे तक्ते ड्रॉइंग पेपरवर रंगीत काढून दिले. खरं सांगतो, मलाही जरा उत्साह आला होता. एकदा निबंध वाचून झाला की हे प्रकरण संपेल आणि माझी दिवाळी मला परत मिळेल, असा माझा हिशेब होता.

परिषदेला दहा दिवस राहिले असताना दुपारच्या सुटीत मी फॅक्टरीत फेरी मारत होतो. सुपडूआप्पा म्हणून आमचे जुने हमाल होते. भाकरी खायला बसायचं म्हणून त्यांनी गाठींना गुंडाळायचं एक जुनं बारदान घडी मोडून झटकलं. पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं. ते बारदानातून आरपार खाली आलं आणि जमिनीवर उन्हाचे सहा ठिपके पडले. ओळीने, सारख्या अंतरावर. मी तिथेच थांबलो.

"सुपडूआप्पा, ही भोकं कशाची?"

"आकड्याची, साहेब. दुसऱ्या कशाची राहतील?" आकडा म्हणजे गाठी ओढायचा हमालांचा लोखंडी हूक. तो त्यांच्या खांद्यावरच अडकवलेला होता.

"पण अशी सारख्या अंतरावर?"

"बारदान घडी घालून ठेवलं व्हतं ना. एकदा आकडा मारला का जितक्या घड्या तितकी भोकं. इतकी वर्षं झाली तुम्हाले, अन् हे ठाऊक नाही?"

जाळ्यांचे गठ्ठेसुद्धा घडी घालूनच बांधलेले असतात. तेसुद्धा ट्रकमध्ये चढवताना आणि उतरवताना हमाल आकड्यानेच ओढतात. मला पुढचं काही कुणी सांगायची गरज नव्हती. गादा नाही, वाटा नाही, काही नाही. मी मुकाट्याने टेबलाशी येऊन बसलो. अकरा वर्षं मी वाट पाहत होतो की कधीतरी या माणसाला म्हणावं, नाना, पुरे झालं, यात काही अर्थ नाही. आता तसं म्हणायचं कारण आयतं हातात आलं होतं, आणि ते मला नकोसं झालं होतं.

दोन दिवस ते मी स्वतःजवळच ठेवलं. तिसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. तिला कशातूनही मार्ग काढता येतो, म्हणून म्हटलं, "राहू दे का? वाचू देत त्यांना. तिथे कुणाला काय कळणार आहे?" ती पोळी लाटता लाटता थांबली. "अन् तिथे चार परक्या माणसांत कुणी उठून दाखवलं म्हणजे? घरच्या माणसानं सांगितलेलं बरं. उद्याच जा तुम्ही."

मी गेलो. साडू मधल्या खोलीत मांजर मांडीवर घेऊन निबंध मोठ्याने वाचायचा सराव करत होते. मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो, आणि मग टेबलावरचा एक कोरा कागद घेऊन त्याच्या घड्यांवर घड्या घातल्या, पेनाचं टोक आरपार खुपसलं आणि कागद उलगडून त्यांच्यासमोर धरला. "नाना, जाळ्यांचे गठ्ठे घडी घालून येतात. हमाल ते आकड्याने ओढतात." एवढंच मला बोलता आलं. ते कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्टी घेतली आणि भोकांमधलं अंतर मोजलं. एक, दोन, तीन, सगळी मोजली. स्वयंपाकघरात अक्कांच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. ते चिडतील, वाद घालतील म्हणून मी बसमध्ये उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही. पट्टी खाली ठेवून ते म्हणाले, "उद्या तुमच्या सुपडूआप्पांना थोडा वेळ होईल का?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते जळगावला आले ते टपावर जाळ्याचा एक अख्खा गठ्ठा टाकूनच. सुपडूआप्पांनी जेवणाच्या सुटीत आकडा मारून तो ओढून दाखवला. साडूंनी उलगडला, मोजला, पुन्हा घडी घालायला लावला, पुन्हा ओढायला लावला. असं बारा वेळा. शेवटी ते गाठींना टेकून बसले. नव्या सफारीवर कापूस चिकटला होता. "म्हणजे भाऊ, अकरा वर्षं मी हमालांचा अभ्यास केला."

"मंग आमचं काय निघालं, सर?" सुपडूआप्पांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुम्ही फार नियमित काम करता, आप्पा," साडू म्हणाले.

"हे जरा आमच्या मालकाले सांगा."

मी साडूंना बाजूला घेतलं. म्हटलं, तार करा, ताप आला म्हणून कळवा. ते म्हणाले, ताप आलेला नाही. म्हटलं, मग आहे तोच निबंध वाचा, सुपडूआप्पा काही परिषदेला येणार नाहीत. तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली. "भाऊ, त्या मासेमाराने न पाहता गाद्याला चोर ठरवलं. मी न पाहता त्याला साधू ठरवलं. फरक काय राहिला आमच्यात?" आणि ते परिषदेला निघाले. अक्कांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही बरोबर जा. ते एकटे नकोत." म्हणजे माझी आणखी पाच दिवसांची रजा गेली.

परिषदेत त्यांची पाळी जेवणाच्या अगदी आधी होती. लोकांना भुका लागलेल्या, मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागलेल्या. साडूंनी माझे रंगीत तक्ते भिंतीवर लावले आणि सांगितलं की हे सगळे चुकीचे आहेत. मग त्यांनी कागदाला घड्या घालून पेन खुपसून दाखवलं. सभागृह हसलं. आधी पुढच्या रांगा हसल्या, मग मागच्या, दारातून बाहेर पडणारे लोक परत आत येऊन हसले. साडूही हसले, पण जरा उशिरा. अध्यक्षांनी डोळे पुसत विचारलं, "मग प्राध्यापकमहाशय, अकरा वर्षांचा निष्कर्ष काय?" साडू म्हणाले, "एवढाच, की गाद्याच्या विरुद्ध माझ्याकडे पुरावा नाही, आणि त्याच्या बाजूनेही नाही. कृपा करून त्याला पाहिल्याशिवाय कुणी काही ठरवू नये." टाळ्या मी एकट्यानेच वाजवल्या. संतापून वाजवल्या. त्या हसणाऱ्यांपैकी एकाने तरी साक्रीच्या बाजारात कडब्यावर चढून दाखवायचं होतं.

परिषदेच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना मासेमारीच्या होडीतून नेण्याची सोय केली होती. बाकीचे पाहुणे झोपून राहिले. आम्ही दोघेच गेलो. साडूंनी वही घेतली, टेप घेतला, पेन्सिलीला दोरी बांधून गळ्यात घातली. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा समुद्रात चालले होते. किनाऱ्यापासून लांब जाऊन मशीन बंद झालं, जाळं पाण्यात सुटलं, होडी जागच्या जागी झुलायला लागली, आणि साडूंचा चेहरा हिरवा पडला. त्यांना उलट्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. ते एका बाजूला काठावरून डोकं खाली सोडून पडले, आणि ते पाण्यात जाऊ नयेत म्हणून मी मागून त्यांचा सफारी मुठीत धरून बसलो. मनातून शिव्या देत होतो. तेवढ्यात तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, दुसऱ्या बाजूने ओरडला, "मास्तरांनु, उठा! गादो इलो!"

मी मान वळवली. साडूंनी उठायचा प्रयत्न केला, पण त्यांना मान वर करून माझ्या तोंडाकडे बघण्यापलीकडे काही जमलं नाही. आणि मी, ज्याला त्या प्राण्याचं नाव काढलं तरी डोकं उठायचं, त्या मी गादा पाहिला. अगदी जवळ, जाळ्याच्या अंगाला. ओली, करडी पाठ वर आली, मोठ्याने श्वास सुटला, आणि तिच्या कडेला चिकटून तशीच एक लहानशी पाठ वर आली. पिल्लू होतं. दोघं दोनदा वर आली आणि गेली. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. मला त्या क्षणी दुसरं काही दिसलं नाही.

साडू घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भाऊ, जाळ्याला तोंड लावलं का त्याने?"

मला ठाऊक नव्हतं. पण या माणसाला कोणतं उत्तर हवं असेल ते मला ठाऊक होतं, आणि काल त्या हसणाऱ्या लोकांपुढे ते उभे होते तेव्हापासून मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. मी म्हणालो, "नाही लावलं, नाना. चार हात लांबून गेला."

त्यांनी तोंड पुसलं, वही उघडली, पेन्सिल धरली. मग विचारलं, "तुम्ही जाळ्याकडे बघत होतात की गाद्याकडे?"

"गाद्याकडे," मी म्हणालो.

"मग जाळ्याचं राहू द्या," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. ते होडीच्या तळाशी आडवे झाले. किनारा येईपर्यंत गादा पुन्हा आला नाही.

परतीच्या एसटीत दुपारी ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले आणि वही त्यांच्या मांडीवरून सरकली. मी ती उचलली तेव्हा त्या दिवसाचं पान उघडं होतं. पडल्या पडल्या लिहिलेलं, त्यांचं ते परीक्षकांना वाचता न येणारं अक्षर मला मात्र आता वाचता येत होतं. 'मला दिसला नाही. भाऊंचा चेहरा पाहिला. गादा नक्की होता.'

मी वही मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसलो. साडू त्यानंतर नऊ वर्षं होते. तब्येतीने साथ दिली नाही, समुद्रावर जाणं पुन्हा झालं नाही, आणि गादा त्यांना अखेरपर्यंत दिसला नाही. भेटले की मात्र ते मला पुन्हा पुन्हा विचारायचे, पिल्लू कुठल्या अंगाला होतं, श्वासाचा आवाज कसा होता, आणि मी दर वेळी चिडून सांगायचो, आणि दर वेळी सगळं सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. तो त्यांना दिसायला हवा होता हो. मला नसता दिसला तरी चाललं असतं.